ऱ्हिओच्या सालीत षट्कोन, कांद्यात आयत: पेशींची मांडणी नेमकी कशाने ठरते?

नौपाड्याची वाचक

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. ऊतींचा धडा झाल्यावर तिने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वनस्पतींच्या पेशींमधील भूमिती हा विषय निवडला असून आम्ही घरच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हाताशी येतील ती पाने आणि खोडे पाहत आहोत. बाल्कनीतील ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी साल काढून पाहिली की सगळ्या पेशी बहुकोनी दिसतात; त्यांत षट्कोन सर्वाधिक असले तरी पंचकोन आणि सप्तकोनही बरेच असतात. कांद्याच्या पापुद्र्यात पेशी लांबट आणि आयताकडे झुकणाऱ्या आहेत. पालकाच्या पानाच्या सालीत तर पेशींच्या कडा इतक्या नागमोडी आहेत की त्यांना कोणत्याही बहुकोनाचे नाव देता येत नाही.

आम्हाला दोन शंका आहेत. षट्कोनाचा विषय निघाला की मधमाश्यांच्या पोळ्याचे उदाहरण दिले जाते आणि कमीत कमी सामग्रीत जास्तीत जास्त जागा व्यापली जाते, असे सांगितले जाते. हे कारण वनस्पतींच्या पेशींना लागू पडते का, आणि पडत असेल तर पंचकोन व सप्तकोन का दिसावेत? दुसरी शंका मुलीने स्वतः काढली. आम्ही पाहिलेल्या प्रत्येक नमुन्यात एका बिंदूपाशी तीनच पेशी भेटतात. फरशीच्या चौकटीत चार कोपरे एकत्र येतात तशा चार पेशी आम्हाला आढळल्या नाहीत. हा नियम आहे की केवळ आमच्या नमुन्यांतील योगायोग? तिने तक्त्यावर चुकीचे कारण लिहू नये, असे मला मनापासून वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वनस्पती_नेरुळ

नमस्कार. आपल्या मुलीची दुसरी शंका हीच या विषयाची किल्ली आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

वनस्पतींच्या पेशींभोवती पेशीभित्तिका असते आणि शेजारच्या दोन पेशींच्या भित्तिका पेक्टिनयुक्त मध्यपटलाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्यामुळे प्राण्यांच्या शरीरातील अनेक पेशींप्रमाणे वनस्पतीची पेशी आपली जागा सोडून दुसरीकडे सरकू शकत नाही. ती जिथे जन्माला येते तिथेच, त्याच शेजाऱ्यांसोबत वाढते. याचा अर्थ असा की पानाच्या सालीत आज दिसणारी आकृती ही त्या पेशींच्या विभाजनांचा साठून राहिलेला इतिहास असते: कोणती भिंत आधी उभी राहिली, कोणती नंतर तिला येऊन टेकली आणि त्यानंतर कोणता भाग किती वाढला. पेशींची भूमिती समजून घ्यायची तर तयार आकाराइतकेच लक्ष नवी भिंत कुठे पडते, या प्रश्नाकडे द्यावे लागते.

या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकात फार सुंदर काम झाले. विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी १८६३ मध्ये नोंदवले की नवी भिंत साधारणपणे पेशीच्या वाढीच्या दिशेला आडवी पडते. युलियस झाक्स यांनी १८७८ मध्ये दाखवले की ती जुन्या भिंतीला काटकोनात मिळते. बेल्जियमचे लिओ एरेरा यांनी १८८६ मध्ये सांगितले की पेशीचे दोन समान भाग करणाऱ्या भिंतींपैकी जिचे क्षेत्रफळ सर्वांत कमी, ती भिंत साबणाच्या पडद्याप्रमाणे निवडली जाते. कांद्याच्या पापुद्र्यातील लांबट पेशी विभाजनाच्या काळात आडव्या भिंतींनीच का दुभंगल्या, हे एरेरांच्या नियमातून सहज कळते, कारण लांबट पेशीत आडवी भिंतच सर्वांत लहान असते. पुढे त्या पेशी एकाच दिशेने ताणल्या गेल्या की आपल्याला दिसणारे आयत तयार होतात. २०११ मध्ये सेबास्तियाँ बेसाँ आणि जाक द्युमे यांनी या नियमाला आवश्यक ती दुरुस्ती केली. एकाच पेशीत जवळजवळ सारख्या लांबीच्या दोन-तीन भिंती शक्य असतील तर त्यांपैकी कोणतीही पडू शकते. सर्वांत लहान भिंतीची शक्यता अधिक असते, एवढेच म्हणता येते. मांडणीत जो अनियमितपणा दिसतो त्याचा काही भाग येथून येतो.

आता तीन पेशींच्या भेटीविषयी. विभाजनापूर्वी पेशीच्या आतील बाजूला, भित्तिकेलगत सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा तयार होतो आणि नंतर नाहीसा होतो. पुढे नवी भिंत नेमकी त्या पट्ट्याच्या जागी जाऊन जुन्या भिंतीला मिळते. हा पट्टा पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांनी १९६६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवून दिला. शेजारच्या पेशीची भिंत आधीच जिथे टेकलेली असते ती जागा हा पट्टा सहसा टाळतो. त्यामुळे नवी भिंत जुन्या सांध्यावर न पडता थोडी बाजूला पडते आणि चार पेशी एका बिंदूत येत नाहीत. आपल्या मुलीने पाहिले तो योगायोग नव्हे. मोजके अपवाद आढळतात, पण सर्वसाधारण नियम तोच आहे.

सांध्याचा कोनही पाहण्यासारखा आहे. नुकत्याच पडलेल्या भिंतीचा सांधा काटकोनी असतो. पुढे पेशींतील पाण्याच्या दाबाने भित्तिका ताणल्या जातात, वाढ होत राहते, जुनी भिंत त्या सांध्यापाशी किंचित वाकते आणि तिन्ही कोन १२० अंशांच्या दिशेने सरकतात. ऱ्हिओच्या सालीत काटकोनी आणि जवळजवळ १२० अंशांचे असे दोन्ही प्रकारचे सांधे सापडले, तर काटकोनी सांधा बहुधा अलीकडच्या विभाजनातला आहे, असा अंदाज बांधता येतो.

मधमाश्यांच्या पोळ्याशी तुलना करताना मात्र सावध राहावे. समान क्षेत्रफळाच्या खणांत प्रतल विभागायचे असेल तर नियमित षट्कोनांत भिंतींची एकूण लांबी सर्वांत कमी होते, हे थॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले आणि गणित म्हणून ते निर्विवाद आहे. पण वनस्पतीच्या सालीतील पेशी समान आकाराच्या नसतात आणि त्यांच्या भिंती एकाच वेळी बांधलेल्याही नसतात. सामग्रीची बचत हे कारण तेथे लावले तर पंचकोन आणि सप्तकोन ‘दोष’ ठरतात. प्रत्यक्षात ते विभाजनाचे अटळ परिणाम आहेत.

गणित_कळवा

वरील उत्तराला गणिताची जोड देतो. हे गणित नववीच्या विद्यार्थिनीला स्वतः पाटीवर करता येईल इतके सोपे आहे.

कोणतीही एक पेशी घ्या आणि तिला सहा बाजू आहेत असे माना. नवी भिंत तिच्या दोन बाजूंवर, कोपरे टाळून टेकली. त्या दोन बाजूंचे प्रत्येकी दोन तुकडे झाले, म्हणजे सहाच्या आठ बाजू झाल्या. आणि नवी भिंत दोन्ही कन्यापेशींच्या वाट्याला एकेकदा आली, म्हणून दोघींच्या मिळून दहा बाजू झाल्या. भिंत समोरासमोरच्या बाजूंवर टेकली असेल तर दोन पंचकोन मिळतात. गोष्ट येथे संपत नाही. ज्या दोन बाजूंवर भिंत टेकली त्यांच्या पलीकडे एकेक शेजारीण आहे आणि तिच्या कडेवर आता एक नवा कोपरा आला आहे, म्हणून त्या दोघींची प्रत्येकी एक बाजू वाढली. शेजारीण षट्कोनी असेल तर ती सप्तकोनी झाली.

हिशेब मांडू. आईच्या सहा बाजूंऐवजी कन्यांच्या दहा आल्या, म्हणजे चार वाढल्या. शेजारणींच्या दोन वाढल्या. एकूण वाढ सहा. पेशींची संख्या मात्र एकानेच वाढली. आईला पाच, सात किंवा नऊ बाजू असल्या तरी वाढ सहाच राहते, हे मुलीला करून पाहू द्यावे. प्रत्येक विभाजन एका पेशीमागे सहा बाजूंची भर घालत असेल, तर सुरुवात कशीही असो, सरासरी सहाकडेच जाणार. केवळ कल्पना म्हणून १०० चौकोनी पेशींपासून सुरुवात करा. बाजूंची बेरीज ४००. ९०० विभाजनांनंतर पेशी १,००० आणि बाजू ५,८००, म्हणजे सरासरी ५.८. आणखी ९,००० विभाजनांनंतर पेशी १०,००० आणि बाजू ५९,८००, म्हणजे सरासरी ५.९८. यात भिंतीची बचत नाही, मधमाशी नाही, आणि कोणत्याही पेशीला षट्कोनी होण्याची गरजही नाही. गरज आहे ती एवढीच, की नवी भिंत कोपऱ्यावर पडू नये. म्हणून तीन पेशींचा सांधा आणि सहाची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पहिलीतून दुसरी निघते.

हाच निष्कर्ष ऑयलर यांच्या सूत्रातूनही मिळतो. मोठ्या जाळीत प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीन कडा मिळत असतील तर खणांच्या बाजूंची सरासरी सहाच्या अगदी जवळ असावीच लागते. विभाजनाचा हिशेब मला अधिक आवडतो, कारण सालीमध्ये प्रत्यक्षात तसेच घडलेले असते.

सरासरी सहा असली तरी निम्म्याहून अधिक पेशी षट्कोनी असतीलच असे नाही. फ्रेडरिक लुइस या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञांनी काकडीच्या अपित्वचेतील पेशींची बारकाईने मोजणी करून १९२८ मध्ये दाखवले की पेशीच्या बाजूंची संख्या आणि तिचे सरासरी क्षेत्रफळ यांत जवळजवळ सरळ रेषेचे नाते असते: पंचकोनी पेशी सरासरीने लहान, सप्तकोनी मोठी. वरचा हिशेब पाहिला तर यात आश्चर्य वाटत नाही. जी नुकतीच विभागली ती लहान आहे आणि तिच्या बाजूही कमी आहेत. जी बराच काळ विभागलेली नाही ती वाढून मोठी झाली आहे, आणि त्या काळात शेजारणींच्या विभाजनांमुळे तिच्या बाजूही वाढल्या आहेत. आलेखासाठी याहून चांगला विषय सुचत नाही.

घोडबंदर_निसर्ग

या चर्चेत फिबोनाची संख्यांचा उल्लेख अजून कसा आला नाही? सूर्यफुलातील बियांच्या वळणदार ओळी मोजल्या तर ३४ आणि ५५ अशा संख्या मिळतात, अननसावरही तसेच दिसते. तक्त्यावर हे दाखवले तर परीक्षकांचे लक्ष वेधले जाईल, असे मला वाटते.

वनस्पती_नेरुळ

विषय सुंदर आहे, पण तो वेगळ्या पातळीवरचा आहे आणि एकाच तक्त्यावर दोन्ही आले तर विद्यार्थिनीचा गोंधळ उडेल. सूर्यफुलातील ओळी ही पेशींची मांडणी नाही. प्ररोहाच्या टोकाशी एकामागून एक नवे अवयव उगवतात आणि प्रत्येक नवा अवयव आधीच्यापासून सुमारे १३७.५ अंशांवर येतो, त्यातून त्या ओळी तयार होतात. प्रत्येक अवयवात असंख्य पेशी असतात आणि त्या पेशी आपापल्या जागी विभाजनाचे वर सांगितलेले नियमच पाळत असतात. तीन पेशींच्या सांध्यातून फिबोनाची संख्या निघत नाहीत.

मूळ प्रश्नातील पालकाच्या नागमोडी पेशींचे उत्तर राहिले होते. पानाच्या सालीतील त्या पेशी कोवळ्या असताना साध्या बहुकोनीच असतात. विभाजन थांबल्यावर वाढता वाढता त्यांच्या कडांना लाटा येतात. पेशीतील पाण्याचा दाब भित्तिकेवर ताण आणतो आणि पेशीच्या आत जितके मोठे वर्तुळ मावेल तितका हा ताण अधिक असतो. पेशी एकाच दिशेने लांब होत असेल, जशी कांद्यात होते, तर तिची रुंदी कमीच राहते आणि अडचण येत नाही. पानाचे पाते मात्र दोन्ही दिशांनी पसरते. अशा वेळी पेशी सर्व बाजूंनी मोठी होऊनही आत मोठी मोकळी जागा न उरू देण्याचा उपाय म्हणजे कडांना खाचा आणि फुगवटे येणे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हे स्पष्टीकरण संगणकीय प्रतिकृती आणि अनेक वनस्पतींच्या पेशींची मोजमापे यांच्या आधारे मांडले गेले. नागमोडी पेशींच्या सालीतही सांधे पाहा. तेथेही तीनच पेशी भेटलेल्या दिसतील.

खाडीकाठ_ऐरोली

मी ठाणे खाडीच्या परिसरातील वनस्पतींचे निरीक्षण करत असते, म्हणून एका वेगळ्या मांडणीकडे लक्ष वेधावेसे वाटते. आतापर्यंतची चर्चा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या पेशींची झाली. पण खोडाच्या मधल्या भेंडात किंवा पानाच्या देठात पाहिल्यास तीन पेशींच्या सांध्यापाशी एक लहान त्रिकोणी पोकळी दिसते. पेशी फुगून गोलाकार होऊ पाहतात, कोपऱ्यांवर ताण येतो, तेथील मध्यपटल सुटते आणि हवेची जागा तयार होते. ही पोकळी कोठे उघडेल, हे म्हणजे त्या सांध्यानेच आधी ठरवून ठेवलेले असते.

पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतींत हाच प्रकार टोकाला जातो. कर्दळीच्या पानाच्या मध्यशिरेचा किंवा देठाचा पातळ छेद घेतला तर हातपाय फुटल्यासारख्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी दिसतात. पेशी आपल्या शेजारणींशी केवळ हातांच्या टोकांशी जोडलेल्या राहतात आणि मधल्या जागा हवेने भरलेल्या असतात. या ऊतीला वायूतक म्हणतात. आपल्या खाडीतील तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळेही आतून अशीच सच्छिद्र असतात, कारण ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या चिखलात गाडलेल्या मुळांपर्यंत हवा पोहोचवायची असते. मात्र प्रदर्शनासाठी तिवराची मुळे कोणी तोडू नयेत, ही कळकळीची विनंती. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे आणि ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीतील पाणथळ क्षेत्र आहे. कर्दळ कोणत्याही उद्यानात किंवा सोसायटीच्या बागेत सहज मिळते आणि तारे तिच्यातच अधिक स्पष्ट दिसतात.

नौपाड्याची वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विभाजनाचा हिशेब मुलीने आईच्या पाच, सात आणि आठ बाजू घेऊन करून पाहिला आणि दर वेळी वाढ सहाच आली, तेव्हा तिला झालेला आनंद येथे शब्दांत सांगता येणार नाही. आता तिची पुढची शंका अशी आहे की साल ही एकाच थराची असते, परंतु भेंडातील पेशी घन असतात. घन पेशीला किती पृष्ठे असावीत, असा काही नियम आहे का? आणि छेद न घेता एकच थर स्पष्ट दिसेल अशी आणखी कोणती वनस्पती आहे?

गणित_कळवा

घन पेशींच्या बाबतीत सहासारखे काटेकोर उत्तर मिळत नाही, तरी सुमारे १४ हा आकडा पुन्हा पुन्हा समोर येतो. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी भांड्यात वाटाणे दाबून ते १२ पृष्ठांचे झाल्याचे १७२७ मध्ये लिहिले होते. लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये अवकाश समान घनफळाच्या खणांत कमीत कमी पडद्याने विभागण्यासाठी १४ पृष्ठांची आकृती सुचवली; तिला आठ षट्कोनी आणि सहा चौकोनी पृष्ठे असतात. त्यानंतर वर उल्लेख केलेल्या लुइस यांनीच १९२३ मध्ये एल्डर या झुडपाच्या भेंडातील पेशींची पृष्ठे मोजली आणि सरासरी १४ च्या अगदी जवळ आली.

येथेही सरासरी आणि आकार यांची गल्लत होऊ देऊ नये. एडविन मॅट्झके यांनी १९४६ मध्ये साबणाच्या फेसातील शेकडो बुडबुडे एकेक करून तपासले. त्यांच्या पृष्ठांची सरासरी १३.७ आली, पण केल्विन यांची सुबक आकृती त्यांना एकाही बुडबुड्यात सापडली नाही आणि बहुतेक पृष्ठे पंचकोनी होती. भेंडातील पेशींतही पंचकोनी पृष्ठे भरपूर असतात. तक्त्यावर केल्विन यांच्या आकृतीची कागदी प्रतिकृती ठेवायची असेल तर ती जरूर ठेवावी, पण ‘खरी पेशी अशी असते’ असे तिच्याखाली लिहू नये.

वनस्पती_नेरुळ

एक थर पाहण्यासाठी पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतींवर आणि येऊरच्या वाटेवरील दगडांवर वाढणारे मॉस सर्वांत उत्तम. त्याच्या बारीक पानाची मधली शीर सोडली तर बाकीचे पान एकाच पेशीच्या जाडीचे असते. चिमट्याने एक पान काढून पाण्याच्या थेंबात ठेवले की साल सोलण्याचीही आवश्यकता राहत नाही आणि हरितलवकांनी भरलेल्या पेशींच्या भिंती आरपार दिसतात. मत्स्यालयातील हायड्रिलाचे पानही चालेल, परंतु त्यात पेशींचे दोन थर असतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाचे केंद्र नेमके एका थरावर आणावे लागते.

भेंडाचा छेद घेतल्यास मोठ्या पेशींच्या मध्ये काही फार लहान पेशी दिसतील. त्या खरोखरच लहान असतील असे नाही. पाते त्या पेशीच्या टोकाजवळून गेले तरी तिचा छेद लहान दिसतो. म्हणून क्षेत्रफळाचा आलेख छेदावरून न काढता ऱ्हिओच्या सालीवरून किंवा मॉसच्या पानावरून काढावा.

बुचाचे उदाहरणही ठेवावे असे सुचवतो. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये ज्यात प्रथम पेशी पाहिल्या ते बूचच होते. त्याचा एखादा तुकडा मिळाल्यास खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने पेशींच्या सरळ रांगा दिसतात, कारण तेथील विभाजी पेशी खोडाच्या पृष्ठभागाला समांतर भिंत पुन्हा पुन्हा घालतात. खोडाची जाडी वाढवणाऱ्या ऊतककराच्या लांबट पेशीही पृष्ठभागाला समांतर, म्हणजे लांबीच्या दिशेनेच विभागतात. सर्वांत लहान भिंतीचा एरेरांचा नियम तेथे उघडपणे मोडला जातो. कोणत्या जागी कोणती दिशा पाळायची, हे ऊतीच्या गरजेनुसार ठरते.

मोजणी करताना चित्राच्या कडेला अर्धवट दिसणाऱ्या पेशी वगळाव्यात आणि पर्णरंध्रांच्या रक्षक पेशी व त्यांच्या भोवतीच्या सहायक पेशी वेगळ्या रंगाने दाखवाव्यात, कारण त्यांची विभाजने निराळ्या क्रमाने होतात आणि त्या मिसळल्या तर चौकोनी पेशींची संख्या विनाकारण वाढते. मोबाइलने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून घेतलेले छायाचित्र मोठ्या कागदावर छापून त्यावर पंचकोन, षट्कोन आणि सप्तकोन तीन रंगांत भरले, तर पंचकोनी पेशींच्या शेजारी सप्तकोनी पेशी किती वेळा येतात, हे मोजणीच्या आधीच डोळ्यांना दिसेल.